एकच मशीन, चार ऑर्डरी: नाही कोणाला म्हणायचं?

प्रश्न
सगळे जॉब एकाच व्हीएमसीवरून (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) जातात. बाकी मशिनं निम्मा वेळ रिकामी. चार ऑर्डरींना आजच होय-नाही कळवायचंय. सेटिंग (जॉब लावायची तयारी) धरून मशीनचे तास आणि आतापासूनची मुदत, तीही तासांत:
क – ६ तास, मुदत ८
ख – ४ तास, मुदत ९
ग – ७ तास, मुदत १५
घ – ८ तास, मुदत २०
बेरीज २५, म्हणजे सगळ्या बसत नाहीत. सर्वांत मोठं बिल क चं. तीच आधी लावू का?

उत्तर १
आधी जास्तीत जास्त किती बसतात ते काढा. मुदतीच्या क्रमाने लावत जा. जिथे मुदत हुकेल तिथे तोवर लावलेल्यांतली सर्वांत लांब ऑर्डर काढून टाका. क ६ वर संपते, ख १० वर जाते, मुदत ९. दोघींत लांब क, ती बाहेर. मग ख ४, ग ११, घ १९. तिन्ही वेळेत. ही १९६८ ची मूर-हॉजसन रीत.

उत्तर २
ती रीत सगळ्या ऑर्डरी सारख्याच मोलाच्या धरते, इथे तसं नाही. पण बिलाच्या आकड्यावरही जाऊ नका. बिलातून मटेरियल आणि बाहेरचं जॉबवर्क वजा करा. पगार-भाडं वजा करू नका, ते ऑर्डर नाकारली तरी द्यायचंच आहे. उरलं ते खरं.

क आणि ख दोन्ही कोणत्याही क्रमाने बसत नाहीत. क घेतली तर क ६, ग १३, घ २१: घ फक्त एका तासाने हुकते. घ वाल्याला आत्ताच फोन करून तो एक तास मागा. मिळाला तर तुलना फक्त क विरुद्ध ख. नाही मिळाला तर ख आणि ग-घ पैकी कमी पैशाची, अशा दोन्हींच्या बेरजेपेक्षा क ने जास्त द्यायला हवं.

उत्तर ३
दोन गोष्टी राहिल्या. वरचं गणित सगळं मटेरियल आत्ता हातात आहे असं धरतं. ग चा बार (धातूचा दांडा) पाच तासांनी येणार असेल तर ख नंतर मशीन तासभर नुसतं उभं, मग ग १२ आणि घ थेट २० वर. एक टूल तुटलं की संपलं.

दुसरं सेटिंग. ख आणि घ एकाच फिक्स्चरवर (जॉब पकडायची चौकट) बसत असतील तर लागोपाठ लावायचा मोह होईल. ख ४, घ १२, ग १९. सेटिंगचे दोन तास वाचले तरी ग १७, मुदत १५. त्या वाचलेल्या तासांचा इथे काही उपयोग नाही.

आणि क ला नुसतं ‘नाही’ कळवू नका. १९ नंतर लावली तर २५ ला देता येईल, तेवढं सांगून बघा.