शब्दचर्चा : 'नाइट' आणि 'ऑर्डर' यांना मराठीत काय म्हणावं?

पाऊलवाट

माल्टाच्या सहलीला निघालेल्या आमच्या ज्येष्ठ मंडळींच्या गटासाठी चार पानांचं टिपण करायला घेतलंय. इंग्रजी मजकुरात ओळीओळीला 'नाइट' (knight) आणि 'ऑर्डर'. भाषांतराच्या अ‍ॅपने 'सेंट जॉनचा आदेश' असं करून दिलं, ते तिथेच बाद केलं. मग मी 'सेंट जॉनच्या सरदारांची संघटना' लिहिलं. आईने वाचलं आणि विचारलं, "कुठल्या राजाचे सरदार गं हे?" मला उत्तरच सुचेना.

'नाइट' तसाच ठेवला तर मराठीत रात्र झाल्यासारखं वाटतं. सुचवा काहीतरी.

बखरवाचक

आईंनी नेमकं दुखणं पकडलं. सरदार म्हटला की वर धनी आला, हाताशी सरंजाम आला, मागे घराणं आलं. यांच्याकडे यातलं काहीच असायला नको, असा मुळात नियम होता.

टेंप्लरांचं, म्हणजे अशाच दुसऱ्या एका ऑर्डरच्या नाइटांचं, उदाहरण घ्या. ११२०च्या सुमारास जेरुसलेमात ह्यूग द पायें आणि त्याच्या काही साथीदारांनी यात्रेकरूंच्या वाटा राखायचं पत्करलं. सोबत दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही मठातल्या भिक्षूंची तीन व्रतंही घेतली. राजा दुसऱ्या बाल्डविनने त्यांना अल-अक्सा मशिदीत जागा दिली. ती जागा म्हणजेच शलमोनाचं मंदिर, अशी तेव्हाच्या फ्रँक, म्हणजे पश्चिम युरोपातून आलेल्या लोकांची समजूत. म्हणून हे 'टेंप्लर'. (कृपा करून 'मंदिराचे सरदार' लिहू नका. वाचणाऱ्याला जेजुरी आठवेल.) ११२९मध्ये फ्रान्समधल्या त्रुआच्या धर्मसभेत त्यांना नियमावली मिळाली आणि ११३९मध्ये पोप दुसरा इनोसंट याने त्यांना थेट आपल्या छत्राखाली घेतलं. तिथून पुढे स्थानिक बिशपचाही हुकूम त्यांच्यावर चालेना.

तुमच्या माल्टावाल्यांची, म्हणजे सेंट जॉनवाल्यांची, गोष्ट उलट्या क्रमाने घडली. आधी इस्पितळ, मग तलवार. जेरुसलेमातलं त्यांचं यात्रेकरूंचं इस्पितळ पहिल्या क्रुसेडच्याही (ज्याला आपण धर्मयुद्ध म्हणतो) आधीचं. १११३मध्ये पोप दुसरा पास्कल याने त्याला मान्यता दिली, आणि हत्यारं त्यानंतर हळूहळू आली. रुग्णांना ते 'आमचे धनी' म्हणत. तेव्हा आईंना सांगा, धनी होते, पण ते खाटेवर पडलेले होते.

प्यादं

इतका खल कशाला? 'शिलेदार' आहे की. घोडा आला, हत्यार आलं, रुबाबही आला.

अवांतर : बुद्धिबळात इंग्रज ज्याला नाइट म्हणतो त्याला आपण घोडा म्हणतो. मूळचा तो अश्वच. स्वार युरोपात जाऊन बसला.

तळटीप

प्यादं, नेमका शिलेदारच इथे बसत नाही, आणि का बसत नाही हे बघण्यासारखं आहे. मराठी फौजेत शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचं. ज्याला दोन्ही सरकारी पागेतून मिळतं तो बारगीर. आता टेंप्लरांची नियमावली बघा. प्रत्येक नाइटला तीन घोडे आणि एक मदतनीस, चौथा घोडा हवा तर प्रमुखाची परवानगी. पण हे घोडे त्याचे नव्हेत, संघाचे. खोगीर-लगामाला सोन्याचांदीची नक्षी नको. शिकार बंद, अपवाद फक्त सिंहाचा. कुठल्याही बाईचं चुंबन घ्यायचं नाही, अगदी आईचंही नाही. झोपायचं ते अंगात कपडे ठेवून आणि रात्रभर दिवा जळता ठेवून.

म्हणजे आपल्या मापाने हा चक्क बारगीर!

त्याच नियमावलीत खरे शिलेदारही सापडतात. काही जण व्रत न घेता ठरावीक मुदतीपुरते सेवेला येत. त्यांच्या घोड्याची किंमत आल्याबरोबर लिहून ठेवत आणि मुदत संपल्यावर त्यातली निम्मी रक्कम त्यांना परत घेता येई. दोन वर्ग, दोन हिशेब. आपल्या पागेच्या कारकुनाला हे समजावून सांगावं लागलं नसतं.

प्यादं

मान्य. पण टिपणात 'सेंट जॉनचे बारगीर' वाचून एकालाही माल्टा दिसणार नाही. शब्द बरोबर असून काय उपयोग?

तळटीप

तेही खरं. बारगीर म्हटलं की हुद्दा खालचा वाटतो, आणि हे लोक पुढे पुढे तर फक्त खानदानी घरांतून घेतले जात. मी तो शब्द मोजपट्टी म्हणून आणला, छापायला नव्हे.

पण हुद्द्यावरून आठवलं, इंग्रजी 'नाइट'चा जुना अर्थ पोऱ्या, हरकाम्या असाच होता. जर्मनमध्ये तोच शब्द 'क्नेख्ट' म्हणून आजही नोकरच राहिलाय. घोड्यावर बसला तो 'रिटर', म्हणजे सरळ स्वार. फ्रेंच 'शेव्हालिये', स्पॅनिश 'काबायेरो', पोर्तुगीज 'काव्हालेरू' हे सगळे घोड्यावरूनच आले. लॅटिन कागदपत्रांत मात्र घोडा नाही. तिथे 'मिलेस', म्हणजे शिपाई. आपल्याकडे याच्या अगदी जवळचा शब्द राऊत. जुन्या मराठीत राऊत म्हणजे घोडेस्वार, आणि मूळ राजपुत्र. तिकडे पोऱ्याचा नाइट झाला, इकडे राजपुत्राचा स्वार. आज मात्र राऊत आडनावातच उरलाय.

वसईची वेस

'ऑर्डर'बद्दल मी बोलतो, तो आमच्या रोजच्या वापरातला शब्द आहे. मराठी ख्रिस्ती समाजात त्याला 'संघ' किंवा 'धर्मसंघ' म्हणतात. जेज्वितांचा तो येशूसंघ. 'पंथ' मुळीच लिहू नका. कॅथलिक, प्रोटेस्टंट हे पंथ. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन हे एकाच पंथातले वेगवेगळे संघ. वर्तमानपत्रं हा घोळ नेहमी घालतात. 'संप्रदाय'ही नको, त्याने वेगळ्या शिकवणुकीचा भास होतो. या संघांची श्रद्धा इतर कॅथलिकांसारखीच, वेगळी फक्त जगण्याची नियमावली. लॅटिन 'ओर्दो'चा अर्थच मुळी रांग, शिस्तीत लावलेली ओळ.

आणि 'धर्मयुद्ध'. क्रुसेडला हा शब्द शाळेपासून चिकटलाय, पण मराठी मनात धर्मयुद्ध म्हणजे कुरुक्षेत्र, नियमाने लढलेलं युद्ध. क्रुसेडमध्ये मूळ शब्द क्रूस आहे. कपड्यावर क्रूस शिवून निघालेले लोक. मी 'क्रुसेड' तसंच ठेवेन. आमच्या घरी क्रुसाला खुरीस म्हणतात, पण 'खुरीसयुद्ध' म्हटलं तर तुम्ही सगळे हसाल.

बखरवाचक

'धर्मसंघ' पटला. पण त्यात तलवार दिसत नाही. म्हणून भीत भीत सुचवतो : आखाडा. दशनामी नागा गोसाव्यांचे आखाडे. संन्यास घेतलेला, गुरूच्या आज्ञेत राहणारा आणि तरी हत्यार चालवणारा माणूस आपल्याकडे काही अनोळखी नाही. पानिपतावर शुजाउद्दौल्याच्या बाजूला अनूपगिरी गोसाव्याची फौज होती, आपल्याविरुद्ध. पैशाचं कामही दोन्हीकडे सारखं. टेंप्लरांच्या पॅरिसच्या ठाण्यात फ्रान्सच्या राजाचा खजिना असे. पुण्यात सोमवार पेठेत गोसावीपुरा आहे, तिथले गोसावी सावकारी करत.

तळटीप

तुलना झकास, पण शब्द म्हणून धोक्याचा. एक म्हणजे आखाडा म्हटलं की निम्म्या वाचकांना लाल माती दिसणार. दुसरं, नागा आखाड्यांच्या डोक्यावर पोपसारखा कोणी नव्हता, ज्याच्या एका पत्राने अख्खा संघ मोडीत निघावा. टेंप्लरांचं नेमकं हेच झालं. १३ ऑक्टोबर १३०७ला त्यांचा कर्जदार असलेल्या फ्रान्सच्या चौथ्या फिलिपने त्यांना एका दिवसात पकडलं. मार्च १३१२मध्ये पोप पाचव्या क्लेमेंटने संघ बरखास्त केला आणि दोन महिन्यांनी मालमत्ता तुमच्या माल्टावाल्यांकडे वर्ग केली. शेवटचा प्रमुख जॅक द मोले १३१४मध्ये पॅरिसला जाळला गेला. कर्ज बुडवायला धर्म हाताशी धरावा, ही युक्ती तशी कुठेच नवीन नाही.

पाऊलवाट

थांबा थांबा. बखरवाचककाका, तुम्ही म्हणालात कुठल्याच राजाचे नाहीत. माझ्या इंग्रजी मजकुरात आहे की १५३०मध्ये पाचव्या चार्ल्सने त्यांना माल्टा दिलं, त्या बदल्यात दर वर्षी एक बहिरी ससाणा. मग हा नजराणा झाला ना? म्हणजे राजा आलाच की!

बखरवाचक

पकडलंत. खुलासा करतो. माल्टा सिसिलीच्या राज्यातलं बेट, आणि सिसिलीचा राजा म्हणून चार्ल्सने ते दिलं. ससाणा हा बेटाचा खंड. माणसं त्याची चाकर झाली नाहीत. कुळाने जमिनीचा खंड भरला म्हणून तो मालकाचा शिपाई होत नाही. पण मी 'कुठल्याच नाही' इतकं ठासून म्हणायला नको होतं. १२९१मध्ये आक्रा, म्हणजे क्रुसेडवाल्यांचं पॅलेस्टाइनमधलं शेवटचं मोठं ठाणं, पडलं तेव्हा या संघांच्या पायाखालची जमीन गेली, आणि ज्याला नवी जमीन मिळाली तोच टिकला. सेंट जॉनवाल्यांनी ऱ्होड्स बेट घेतलं. ते तुर्की सुलतान सुलेमानने १५२२मध्ये जिंकलं, तेव्हा माल्टा. १५६५चा मोठा वेढा त्यांनी परतवला आणि ज्याच्या हाताखाली परतवला त्या प्रमुख व्हालेटच्या नावाने व्हॅलेटा शहर वसलं. १७९८मध्ये नेपोलियनने हुसकावलं. आता रोममध्ये आहेत. राज्य नाही, पण शंभरावर देशांशी राजनैतिक संबंध आहेत. काम पुन्हा मूळचंच, दवाखाने आणि रुग्णवाहिका.

जर्मनांचा ट्यूटॉनिक संघ प्रशियात जाऊन अख्खं राज्य करून बसला. १५२५मध्ये त्याचा प्रमुख अल्ब्रेख्ट ल्युथरपंथी झाला आणि संघाच्या मुलुखाचा ड्यूक बनला. तिथे मात्र व्रतस्थाचा सरदार झाला, शब्दशः.

वसईची वेस

आमच्या किनाऱ्याशीही एका संघाचा थेट संबंध आहे. टेंप्लर मोडले तेव्हा पोर्तुगालचा राजा दिनिश याने त्यांची तिथली मालमत्ता बाहेर जाऊ दिली नाही. १३१९मध्ये तिच्यातून नवा 'ख्रिस्तसंघ' उभा राहिला, त्याची गादी पुढे पोर्तुगालमधल्याच तोमार गावी गेली. १४२०पासून राजपुत्र हेन्री त्याचा कारभारी होता. आफ्रिकेच्या किनाऱ्याने गेलेल्या जहाजांना या संघाचा पैसा लागला. पोर्तुगीज शिडांवरचा तो लाल क्रूस याच संघाचा. पोपने सागरापलीकडच्या प्रदेशांचा धार्मिक अधिकारही तोमारकडे दिला. १५१४मध्ये तो मदेरा बेटावरच्या फुंशालच्या धर्मप्रांताकडे गेला आणि १५३४मध्ये त्यातून गोव्याचा धर्मप्रांत वेगळा झाला.

तोवर 'ऑर्डर' शब्दाचा अर्थही बदलत चालला होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस या संघाच्या नाइटांना लग्नाची मुभा मिळाली. वास्को द गामा आधी सांतियागोच्या संघात होता, १५०७मध्ये ख्रिस्तसंघात आला. बायकामुलं असलेला माणूस. १५५१मध्ये पोर्तुगालच्या तिन्ही संघांचं प्रमुखपद कायमचं राजमुकुटाला जोडलं गेलं. मग संघाचा झगा म्हणजे राजाने खूश होऊन दिलेलं बक्षीस.

तळटीप

आणि तिथूनच आपला गोंधळ सुरू. आपल्याला 'ऑर्डर' भेटली ती १८६१च्या 'स्टार ऑफ इंडिया'पासून, म्हणजे छातीवरचं पदक आणि नावामागे 'सर'. त्यात ना व्रत, ना मठ. म्हणून मराठीत नाइटला 'सर' किंवा 'सरदार' सुचतो.

एक शब्द मात्र क्रुसेडच्या काळापासून थेट आपल्या घरात आहे आणि कोणाच्या लक्षात येत नाही : फिरंगी. अरब लोक या क्रूसवाल्यांना सरसकट फ्रँक म्हणत, 'इफ्रंज'. फारसीतून तो इकडे आला आणि पोर्तुगिजांना चिकटला. त्यांच्या सरळ पात्याची तलवार ती फिरंग, आणि त्यांच्याबरोबर आलेला रोग तो फिरंगरोग.

पाऊलवाट

काल रात्री बसून असं लिहिलं :

"सेंट जॉनचा धर्मसंघ हा व्रतस्थ योद्ध्यांचा संघ. त्यातले बंधू मठवासीयांसारखी तीन व्रतं घेत, रुग्णांची सेवा करत आणि प्रसंगी लढत. इंग्रजीत त्यांना नाइट म्हणतात."

'बंधू' मुद्दाम घेतला. व्हॅलेटाच्या सेंट जॉनच्या चर्चमध्ये पायाखाली सगळी संगमरवरी थडगी आहेत. नावांआधी 'फ्रा' येतं, त्याचा अर्थ भाऊ. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हां, म्हणजे गोसावी." बखरवाचककाका, एक मत तुम्हाला.

आता एकच अडलंय. संघाचे आठ विभाग होते : प्रोव्हान्स, ओव्हेर्न्य, फ्रान्स, इटली, आरागोन, इंग्लंड, जर्मनी, कॅस्टील. प्रत्येकाचं वेगळं वसतिगृह, तटाचा वेगळा भाग राखायला. या विभागाला ते 'लांग' म्हणत, म्हणजे जीभ. काय लिहू?

प्यादं

भाषावार प्रांतरचना! आपल्याआधी सहाएकशे वर्षं.

वसईची वेस

'भाषागट' लिहा. 'जीभ' लिहिलंत तर जेवणाच्या हॉलबद्दल आहे असं वाटेल. आणि 'व्रतस्थ योद्ध्यांचा' छान आहे, पण 'मठवासीयांसारखी' ऐवजी 'संन्याशांसारखी' करा, आईंना तेच वाटलंय.