कच्छच्या मालधारींचा माल परदेशात महाग विकावा का?

दांडियाबाजार:
सरळच मांडतो. कच्छच्या रबारी नि जत या मालधारी म्हणजे जनावरं चारत फिरणाऱ्या लोकांच्या उंटाचं दूध आणि मेंढीची लोकर परदेशातल्या छोट्या पण महाग बाजारात गेली पाहिजे, जिथे गिऱ्हाईक माल कुठल्या कळपाचा ते विचारून पैसे मोजतं. एक्स्पोर्टच्या कागदपत्रांचं काम करतो म्हणून बोलतोय, मुंद्रा पोर्ट कच्छातच आहे, अमूलचं आणंद आपल्या बडोद्याच्या शेजारी, मग अडतंय कुठे? २०१६ला एफएसएसएआयने म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने उंटाच्या दुधाचं मानक ठरवलं, कच्छच्या सरहद डेरीने गोळा करायला सुरुवात केली, २०१९च्या जानेवारीत अमूलने अर्ध्या लिटरची बाटली ५० रुपयांना आणली. त्याआधी हे दूध घ्यायला धड कोणी नव्हतं, पोरं उंट सोडून ट्रकवर ड्रायव्हर नाहीतर कंपनीत वॉचमन होत होती. देशात २०१२ला ४ लाख उंट होते, २०१९च्या गणनेत अडीच लाखच उरले. भाव मिळाला तरच कळप टिकेल, नुसतं "परंपरा जपा" म्हणून कोणी उंट पाळत नाही हो.

फतेहगंज_ताई:
दादा, कळकळ पटते पण मला हे उलट्या बाजूने दिसतं. उंटिणीचं गाभणपण तेरा महिन्यांचं, पिल्लू दोन वर्षांतून एक, आणि पिल्लू जवळ नसेल तर ती पान्हाच सोडत नाही. तिचं दूध मागणी वाढली म्हणून वाढत नाही, वाढतो तो पिल्लाच्या वाट्यावरचा हात. दुसरं, चरायला जागा कुठे आहे? खाराई उंट समुद्रात पोहत जाऊन चेर म्हणजे तिवरं खातो, कांडला बाजूला मिठागरांसाठी ती तिवरं तोडली म्हणून मालधारींना हरित लवादापर्यंत जावं लागलं. बन्नीत म्हणजे कच्छच्या मोठ्या गवताळ रानात तर १९६०च्या दशकात सरकारनेच गांडा बावळ म्हणजे परदेशी काटेरी बाभूळ लावला आणि तो अर्ध्याहून जास्त रानात पसरला. गवत नि तिवरं राहिली नाहीत तर जर्मनीला पाठवणार काय?

दांडियाबाजार:
ताई, चराईचं म्हणणं शंभर टक्के मान्य, पण ते भांडायला पण माणसाच्या खिशात दोन पैसे लागतात. ज्याचं दूध रोज टँकरने जातं त्याचं म्हणणं कलेक्टर ऐकतो, ज्याचं काहीच विकत नाही त्याला सगळे भटके म्हणून हाकलतात.

वाडीवाला:
मला मंगोलियाची भीती वाटते. तिथल्या कॅशमीरला म्हणजे शेळीच्या मऊ लोकरीला जगभर मागणी, १९९०ला ५० लाखांच्या आसपास शेळ्या होत्या, २०१८ला अडीच कोटींच्या वर गेल्या. उंट, घोडा, मेंढी, गाय, शेळी असा पाच जनावरांचा मेळ होता तो बिघडला, शेळी गवत मुळाजवळून खाते, कुरणं उजाड होत चालली, आणि एवढं करून बराचसा कच्चा माल चीनच्या कारखान्यांत जातो, खरी कमाई तिकडेच होते. बाजाराने एकाच जनावराला भाव दिला की बाकीची कळपातून निघून जातात, हे आपल्याकडे पण होऊ शकतं.

दांडियाबाजार:
मंगोलियाने वजनावर विकलं भाऊ, म्हणून शेळ्या वाढल्या. मी म्हणतो तो बाजार वेगळा आहे, खरेदीदार आधीच ठरवतो की कुरण राखलं तर जादा भाव आणि कळप अमुक आकड्यावर गेला तर करार संपला.

फतेहगंज_ताई:
आणि तो कळप मोजणार कोण? बर्लिनहून माणूस येऊन उंट मोजणार का? हे मोजायचं काम मालधारींच्या संघटनेच्याच हातात हवं, नाहीतर सर्टिफिकेटवाला एक नवा दलाल तयार होईल. दूध युरोपात पाठवायचं तर आधी देशाचं नाव त्यांच्या मंजूर यादीत लागतं, दुबईच्या उंट दुधाला २०१३ला परवानगी मिळाली तर त्यांच्याकडे मोठाले बंदिस्त फार्म आहेत. आपला माणूस आज एका गावाच्या सीमेत, आठवड्याने दुसऱ्या. त्याला कागद पूर्ण करायला फार्ममध्ये बांधलात तर तो मालधारी राहिलाच कुठे?

कारेलीबाग:
परदेश राहू द्या, बडोद्यात किती घरात हे दूध जातं? आधी इथे विका. ताजं दूध दोन-तीन दिवसच टिकतं म्हणून जवळचं गिऱ्हाईकच कामाचं.

वाडीवाला:
मग लोकरीपासून का नाही? तिच्यात पिल्लाचा हिस्सा जात नाही, नासत नाही, मेंढी तर कातरावीच लागते. आपली लोकर जाडी म्हणून ऑस्ट्रेलियाच्या मऊ लोकरीपुढे कोणी घेत नाही, कातरणाऱ्याची मजुरी पण निघत नाही म्हणून लोक फेकून देतात. गालिचा, नमदा म्हणजे दाबून केलेली लोकरीची बैठक, भिंतीच्या इन्सुलेशनला हीच जाडी लोकर चालते. खामीर संस्था कच्छात देशी लोकर कातून विणून घेतेच आहे.

फतेहगंज_ताई:
लोकरीला माझी ना नाही. पण पैसे कातरणीच्या दिवशी रोख मिळाले पाहिजेत. तुमच्या लाइनमध्ये माल पोचल्यावर तीन महिन्यांनी पेमेंट येतं ना? तोवर तो माणूस मेंढ्या घेऊन कुठल्या कुठे गेलेला असतो, शोधणार कुठे त्याला?

दांडियाबाजार:
तीन महिने कॉमन आहे, खरंय. मालधारी थांबू शकत नाही तर मधल्या काळाचा पैसा डेरीसारख्या सहकारी संघाने लावावा, दुधात हीच पद्धत आहे, दहा-पंधरा दिवसांनी खात्यात पैसे. लोकरीचा असा संघ उभा राहणार असेल तर एक्स्पोर्टची पहिली कागदपत्रं मी फुकट करून देतो, पण संघ रबारींच्याच नावावर हवा, बडोद्याच्या व्यापाऱ्याच्या नाही.

वाडीवाला:
आणि दर? तो कोण ठरवणार ते पण लिहा.