मदत हवी आहे: गोठवलेली कोथिंबीर वडी युरोपातल्या कॅन्टीन-कॅटरिंगला विकायची आहे, सुरुवात कुठून करावी?

वाफ_आणि_वडी

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यात गोठवलेल्या पदार्थांचं युनिट आहे. मुख्य माल कोथिंबीर वडी. घटक: बेसन, कोथिंबीर, तीळ, शेंगदाण्याचं कूट, हिंग, हळद, तिखट, मीठ. उंडे वाफवून, कापून, ब्लास्ट फ्रीझरमधून काढून उणे १८ अंशांना साठवतो. एफएसएससी २२००० हे अन्नसुरक्षेचं प्रमाणपत्र आहे. सध्या ३०० ग्रॅमची पाकिटं आखातातल्या किराणा दुकानांत जातात.

आता युरोपात, त्यातही जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स इथल्या कॅटरिंगला माल द्यायचा विचार आहे. तीन गोष्टी कळत नाहीत. एक, तिथे नेमका खरेदीदार कोण: रेस्टॉरंट, कॅन्टीन चालवणारी कंपनी की घाऊकवाला? दोन, आहे ती कृती चालेल का? तीन, किलोमागे भाव सांगताना हिशोब कुठून सुरू करायचा? तिथला बाजार आतून माहीत असणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

र्‍हाइनकाठ

आधी बाजाराचे दोन भाग वेगळे करा. एका भागात जेवणारा स्वतः मेनू बघतो आणि स्वतः पैसे देतो: रेस्टॉरंट, कॅफे, पब, हॉटेल, बर्गर-पिझ्झाच्या साखळ्या. दुसऱ्या भागात जेवतो एक आणि मेनू ठरवतो दुसराच: कंपन्यांची कॅन्टीन, शाळा, रुग्णालयं, वृद्धाश्रम, तुरुंग, लष्कर. तुमच्या वडीला दुसरा भाग जास्त मानवेल. तिथे ताटं रोजची असतात, मेनू आठवड्यांच्या चक्राने फिरतो आणि मांस नसलेला एक पदार्थ जवळपास रोज लागतो.

हा दुसरा भाग बऱ्याच अंशी ठेकेदार कंपन्यांकडे आहे. ब्रिटनची कंपास (जर्मनीत तिचं नाव युरेस्ट), फ्रान्सच्या सोडेक्सो आणि एलिओर, अमेरिकेची आरामार्क, डेन्मार्कची आयएसएस, जर्मनीची डुसमान. इटलीत याच कामात काम्स्टसारख्या सहकारी संस्था मोठ्या आहेत. सांगलीकरांना सहकाराचं हे रूप पाहण्यासारखं वाटेल. फ्रान्समध्ये मात्र बऱ्याच नगरपालिका शाळांची स्वयंपाकघरं स्वतःच चालवतात, त्यामुळे तिथे ठेकेदाराला पटवलं तरी ती दारं बंदच राहतात.

ठेक्याचा प्रकार विचारायला विसरू नका. एका प्रकारात कच्च्या मालाचा खर्च ग्राहक कंपनी भरते आणि ठेकेदार व्यवस्थापनाची फी घेतो. दुसऱ्यात ताटाचा भाव ठरलेला असतो आणि नफा-तोटा ठेकेदाराचा. पहिल्यात शेफला नवीन पदार्थ करून बघायची मोकळीक असते. दुसऱ्यात तो किलोमागे दहा सेंटसुद्धा सोडत नाही. वडीची पहिली चाचणी पहिल्या प्रकारच्या कॅन्टीनमध्येच करा: मोठी कार्यालयं, विमा कंपन्या, बँका.

शाळांच्या नादी एवढ्यात लागू नका. सार्वजनिक कॅटरिंगचे मोठे ठेके युरोपीय संघाच्या टेड या निविदांच्या पोर्टलवर येतात. कॅटरिंग सेवेत ७,५०,००० युरोंपासून पुढचा ठेका मोठा धरतात, आणि शोधायचा सीपीव्ही कोड (निविदांच्या वर्गीकरणाचा क्रमांक) ५५५२००००. ते वाचत राहा, कारण कुठल्या शहरात काय अटी घालतात ते त्यात कळतं. पण फ्रान्सच्या एगालिम कायद्याने १ जानेवारी २०२२ पासून सार्वजनिक स्वयंपाकघरांत किमान ५० टक्के माल ठरलेल्या दर्जाचा असावा लागतो, आणि त्यातच एकूण मालाच्या किमान २० टक्के सेंद्रिय. ही टक्केवारी खरेदीच्या रकमेवर मोजतात. युरोपीय सेंद्रिय किंवा तिथे मान्य असलेलं दुसरं प्रमाणपत्र नसलेली वडी त्या ५० टक्क्यांत बसत नाही, उरलेल्या भागासाठी सगळ्यांशी झगडत बसते.

लेबलवाचक

कृतीबद्दल. आहे तशी चालणार नाही, पण फार बदल लागणार नाहीत.

युरोपात १४ ॲलर्जन सक्तीने जाहीर करावे लागतात (नियम ११६९/२०११) आणि डिसेंबर २०१४ पासून हे कॅन्टीनमध्ये उघड्यावर वाढलेल्या पदार्थांनाही लागू आहे. तुमच्या यादीत तीळ आणि शेंगदाणे उघड दिसतात. तिसरा लपलेला आहे: हिंग. बाजारातल्या बांधानी (पिठात बांधलेल्या) हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. म्हणजे बेसनाची, एरवी गव्हाशिवाय होणारी वडी चिमूटभर हिंगापायी गव्हाच्या रकान्यात जाते. तांदळाच्या पिठात बांधलेलं हिंग मिळतं, ते घ्या आणि पुरवठादाराकडून तसं लेखी घ्या. 'ग्लूटेनमुक्त' असं लिहायचं असेल तर तयार मालात २० मिलिग्रॅम प्रति किलोच्या आत यायला हवं. त्याच लाइनवर पराठे लाटत असाल तर तो दावा करूच नका. वरून मोहरीची फोडणी देत असाल तर मोहरीही त्या १४ मध्ये आहे.

शेंगदाण्याचं कूट काढून टाका. ॲलर्जीमुळे अनेक शाळा-रुग्णालयं शेंगदाणा दारातच नाकारतात. शिवाय खाण्यास तयार शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची मर्यादा आहे: बी१ प्रकाराची २ आणि एकूण ४ मायक्रोग्रॅम प्रति किलो. एका वाईट पोत्यासाठी अख्खा कंटेनर अडकवण्याइतकं ते कूट वडीत मोलाचं नाही. तिखट आणि हळदीला हीच मर्यादा ५ आणि १० आहे, तेव्हा प्रत्येक लॉटचा अहवाल ठेवा.

तिळाबाबत जास्त सावध राहा. २०२० च्या सप्टेंबरमध्ये भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड (निर्जंतुकीकरणाचा वायू) सापडल्यानंतर युरोपभर माल परत घेतला गेला आणि तेव्हापासून सीमेवर कडक तपासणी आहे. तिळाची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलो, आणि त्यात त्या वायूपासून होणारं २-क्लोरोइथेनॉलही मोजतात. मसाले वाफेने निर्जंतुक केलेलेच घ्या.

सगळ्यात अवघड घटक कोथिंबीर आहे. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाला युरोपने २०२० मध्ये दार बंद केलं आणि मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलोवर आणली. बाजार समितीतून उचललेल्या जुडीत काय मारलंय हे कुणालाच सांगता येत नाही. पाच-सहा शेतकऱ्यांशी करार करा, फवारणीची वही तपासा, आणि काढणीच्या आठवडाभर आधी पानांचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. अहवाल येईपर्यंत ते शेत कापायचं नाही.

तळणीला वनस्पती तूप वापरत असाल तर थांबवा. औद्योगिक ट्रान्स फॅट १०० ग्रॅम स्निग्धांशात २ ग्रॅमच्या वर चालत नाही, एप्रिल २०२१ पासून. सूर्यफूल तेल धरा. आणि दही, तूप, पनीर या मालात येऊ देऊ नका. प्राणिजन्य घटक आला की तो मान्यताप्राप्त देशातून आणि युनिटमधून यावा लागतो. निव्वळ वनस्पतिजन्य वडीच्या वाटेत ती भिंत उभीच राहत नाही.

वाफ_आणि_वडी

हिंगाचा मुद्दा डोक्यातच नव्हता, आभार. कूट काढतो. एक विचारायचं राहिलं: तिथले लोक वडी तळणार कशात? आणि ३०० ग्रॅमची पाकिटं बदलावी लागतील का?

शीतसाखळी

तळणार नाहीत. ५०० ताटांच्या कॅन्टीनमध्ये तळणीची कढई असलीच तर ती बटाट्याच्या फ्राइजसाठी अडलेली असते. तिथलं मुख्य यंत्र म्हणजे कॉम्बी ओव्हन, वाफ आणि कोरडी गरम हवा दोन्ही देणारं. त्यातले ट्रे गॅस्ट्रोनॉर्म मापाचे: जीएन १/१ म्हणजे ५३० बाय ३२५ मिलिमीटर. तुमची वडी या ट्रेच्या हिशोबाने कापा. ४५ मिलिमीटरचा, ३० ग्रॅमचा चौकोन घेतला तर मध्ये बोटभर जागा सोडून एका थरात ४५ वड्या बसतात. माणशी चार धरल्या तर एका ट्रेत ११ ताटं.

नुसती वाफवून गोठवलेली वडी ओव्हनमध्ये कोरडी पडते आणि कडेने भुगा होते. बेसनाने धरलेलं पाणी सावकाश गोठलं की मोठे स्फटिक होतात, ते वितळताना बांधणी सुटते. दोन उपाय. एक, कापल्यावर १७५ अंशांच्या तेलात ४०-५० सेकंद हलकी तळून, निथळून मग सुटी सुटी गोठवा, म्हणजे वरचं कवच ओलावा धरून ठेवतं. दोन, गोठवण्याआधी वडीचं तापमान १० अंशांखाली आणा. गरम वडी फ्रीझरमध्ये ढकलली की वर बर्फाचा थर बसतो, आणि पुढे ट्रेमध्ये तेच पाणी सुटून वडी बुडाला चिकटते.

पाकिटावर सूचना अशी द्या: गोठलेलीच ट्रेमध्ये, एक थर, वाफ बंद, १९० अंश, १० ते १२ मिनिटं, मध्यभागी ७२ अंश दोन मिनिटं. 'वाफ बंद' ठळक लिहा, कारण स्वयंपाकी सवयीने मिश्र मोड लावतो आणि वडी मऊ पडते. गरम काउंटरवर ६५ अंशांना अर्ध्या तासानंतर ती लिबलिबीत होते, म्हणून दर २० मिनिटांनी एक ट्रे काढायला सांगा.

पॅकिंग: अडीच किलोच्या दोन पिशव्या, पाच किलोचा खोका. खोके युरो पॅलेटवर, म्हणजे १२०० बाय ८०० मिलिमीटरवर, बाहेर न डोकावता बसले पाहिजेत. लाकडाला आयएसपीएम १५ चा (कीड मारण्याची प्रक्रिया केल्याचा) शिक्का हवा. १२ ऑगस्ट २०२६ पासून युरोपचा नवा वेष्टन नियम लागू होतो, तेव्हा आयातदार पिशवीचं साहित्य आणि वजन ग्रॅममध्ये विचारेल. एकाच प्रकारचं प्लॅस्टिक वापरलेलं बरं.

र्‍हाइनकाठ

भावाचा हिशोब ताटापासून मागे आणा. पुढचे टक्के नमुन्याचे आहेत, तुमच्या आयातदाराचे घालून पुन्हा करा.

जर्मन कॅन्टीनमध्ये ताट ७.५० युरोला धरू. खाण्यावरचा कर १ जानेवारी २०२६ पासून पुन्हा ७ टक्के आहे (२०२४ आणि २०२५ मध्ये १९ होता, पेयांवर आजही १९). कर वजा जाता ७.०१. कच्च्या मालाला ३५ टक्के, म्हणजे २.४५. त्यात भात, सॉस, सॅलड आलं, वडीच्या वाट्याला १.१०. चार वड्या १२० ग्रॅम, म्हणजे स्वयंपाकघराला किलो ९.१७ ला पडते. घाऊकवाल्याचे विक्रीवर २५ टक्के काढले की ६.८८, आयातदाराचे २० टक्के काढले की ५.५०. थंड वाहतूक, जकात, तपासणी, गोदाम मिळून १.२० धरा. तुमच्या हातात उरतात ४.३० युरो. तुमचा उत्पादन खर्च यात बसत नसेल तर १२० ऐवजी ९० ग्रॅमची तीन वड्यांची वाढणी सुचवा, भाव पाडू नका.

खरेदीदार कोण याचं थेट उत्तर: पाकिटावर नाव आयातदाराचं, माल घाऊकवाल्याच्या यादीत, होकार शेफचा. तिघांपैकी शेफ आधी. त्याने मागितलं तर घाऊकवाला आपल्या यादीत त्या मालाचा कोड उघडतो. जर्मनीत शेफ्स कुलिनार, ट्रान्सगूर्मे, मेट्रो. नेदरलँड्समध्ये स्लिग्रो, हानोस, बिडफूड. फ्रान्समध्ये पोमोना, सिस्को.

थेम्सपलीकडे

ब्रिटन का वगळताय? भारतीय पदार्थ तिथे कुणाला समजावावे लागत नाहीत.

र्‍हाइनकाठ

मुद्दा रास्त आहे, पण ब्रिटन आता वेगळी सीमा आहे: वेगळा आयातदार, वेगळं लेबल, वेगळी तपासणी. आणि तिथली भारतीय हॉटेलं भजी-वड्या बहुतेक स्वतःच करतात. तिथेही कॅन्टीन आणि पबच्या साखळ्याच बघाव्या लागतील, आणि साखळी मेनू बदलाच्या कित्येक महिने आधी माल ठरवते. एक सीमा नीट जमली की दुसरी.

बाजाराच्या कलाबद्दलही बोलायला हवं, कारण वडीच्या बाजूने तेच सगळ्यात मोठं कारण आहे. घरून काम रुळल्यापासून कार्यालयांची कॅन्टीन मंगळवार ते गुरुवार भरतात, शुक्रवारी ओस पडतात. किती माणसं येतील हे सकाळपर्यंत कळत नाही, म्हणून ऐनवेळी हवे तेवढेच ट्रे काढता येतील असा गोठवलेला माल शेफला सोयीचा पडतो. त्यात माणसं मिळत नाहीत आणि जर्मनीचं किमान वेतन २०२६ मध्ये तासाला १३.९० युरो झालं. भाजी चिरण्याचा तासही महाग आहे. राइन (Rheine) या जर्मन शहरातली आपेटिटो ही कंपनी गोठवलेल्या जेवणावरच बालवाड्या आणि रुग्णालयं सांभाळते. त्यांचा मेनू वाचा, वाढणीचे ग्रॅम आणि ॲलर्जन कसे लिहितात ते तिथे दिसेल.

घरपोच ॲप्सच्या मागे जाऊ नका. पोहोचवण्यासकट त्यांचं कमिशन ३० टक्क्यांच्या आसपास जातं, आणि बंद डब्यात वडीचं कवच वाफेनेच मरतं.

वाफ_आणि_वडी

हिशोब पुन्हा मांडला, तीन वड्यांच्या वाढणीवर जमतंय. नमुना कसा पाठवू? आणि जत्रा कुठली धरू?

शीतसाखळी

शेफ भेटायचे तर हॅम्बुर्गची इंटरनॉर्गा, दरवर्षी मार्चमध्ये. आयातदार भेटायचे तर कोलोनची अनुगा, विषम वर्षी ऑक्टोबरमध्ये.

नमुना एका शेफला दहा किलो, त्याहून कमी नको. एकच ट्रे झाला तर तो स्वतः चाखतो आणि विषय संपतो. दहा किलोत तीन वड्यांची शंभरावर ताटं होतात, म्हणजे एका दुपारी काउंटरवर ठेवून किती उरल्या ते मोजता येतं. सोबत एक पानाची माहिती: घटक उतरत्या टक्केवारीने, १४ ॲलर्जनचा तक्ता, १०० ग्रॅमचं पोषण, ओव्हनची सूचना, लॉट क्रमांक, शेवटची तारीख. भाषा जर्मन ठेवा.

थर्माकोलच्या पेटीत कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) घालून विमानाने पाठवा. ४८ तासांच्या प्रवासाला दहा किलो मालामागे निदान दहा किलो बर्फ धरा. पेटी हवाबंद चिकटवू नका, वायू बाहेर पडायला फट हवी, नाहीतर पेटी फुटते. बर्फाचं निव्वळ वजन पेटीवर आणि एअरवे बिलावर यूएन १८४५ (धोकादायक मालाच्या यादीतला त्याचा क्रमांक) म्हणून लिहावं लागतं, ते राहिलं तर मुंबईतच माल उतरवून ठेवतात. आणि सोमवारी पाठवा. गुरुवारी निघालेली पेटी शनिवार-रविवार फ्रँकफर्टच्या गोदामात वितळते.