मदत हवी आहे: फॅक्टोरिओच्या 'फुकट की'ची झिप फाइल चालवली गेली आहे

नमस्कार मंडळी,
भाच्याला फॅक्टोरिओ हा कॉम्प्युटर गेम हवा आहे. या गेमवर सेल कधीच लागत नाही आणि बारावीच्या वर्षात दाजी पैसे देणार नाहीत. मग पठ्ठ्याने यूट्यूबवर 'की जनरेटर' शोधला, म्हणजे गेम सुरू करायचा कोड ('की') फुकट बनवून देतो म्हणणारा प्रोग्रॅम. व्हिडिओखाली झिपची लिंक, तिचा पासवर्ड आणि वर सूचना, की आधी अँटिव्हायरस बंद करा. काल रात्री त्याने ते चालवलं. काळी खिडकी क्षणभर आली नि गेली. की मिळाली नाही, पण लॅपटॉप व्यवस्थित चालतोय, म्हणून त्याच्या मते काही झालेलं नाही.

त्याच लॅपटॉपवर ताईचं जीमेल आणि नेटबँकिंग आहे. स्टीमला (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) मोबाइल ऑथेंटिकेटर (लॉगिनचा कोड देणारं ॲप) आहे, तेवढं पुरेल का? आणि की विकणाऱ्या साइटवरून स्वस्तात घेतली तर?

रात्रपाळी
आधी लॅपटॉपचं वायफाय बंद करा, मग पुढचं वाचा.

झिपला पासवर्ड लावतात तो अँटिव्हायरसला आतलं दिसू नये म्हणून. असले प्रोग्रॅम बहुतेक वेळा ब्राउझरमधले पासवर्ड आणि कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी) उचलून पाठवतात नि गप्प बसतात. लॉगिन झालेली कुकी हाती लागली की ओटीपी विचारलाच जात नाही, त्यामुळे ऑथेंटिकेटरवर विसंबू नका.

ताईंच्या फोनवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून आधी जीमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्यांचे रीसेट तिथेच येतात. सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, रिकव्हरी नंबर आणि फॉरवर्डिंग (मेल आपोआप दुसरीकडे जातात का ते) तपासा. मग बँक, मग स्टीम. बँकेला फोन करून कळवा. पैसे गेलेले दिसले तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन. लॅपटॉप फॉरमॅटच करा, नुसत्या स्कॅनवर भागवू नका.

कोपऱ्यातला
स्टीमच्या की स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्ह तयार करून गेम बनवणाऱ्यांना देते. घरबसल्या की 'जनरेट' करणारा प्रोग्रॅम नसतोच.

स्वस्त कींचं म्हणाल तर उदाहरण फॅक्टोरिओचंच आहे. चोरीच्या क्रेडिट कार्डांवर की घ्यायच्या आणि बाजारात विकायच्या. कार्डाचा मालक तक्रार करतो, पैसे परत जातात, वर दंड गेम बनवणाऱ्या वूब सॉफ्टवेअरच्या माथी. अशा १९८ की आपल्या साइटवर विकल्या गेल्याचं जीटूए या की-बाजाराने २०२० मध्ये मान्य केलं आणि वूबला सुमारे ३९,६०० डॉलर दिले. अशी की रद्द झाली तर तुमचेही पैसे गेले. प्रागमधली छोटी कंपनी आहे हो, मोठ्या स्टुडिओसारखा तोटा पचवणारी नाही.

अवांतर: फॅक्टोरिओचा डेमो त्यांच्या साइटवर आणि स्टीमवर फुकट आहे. बारावीपुरता पुष्कळ झाला.

धागाकर्ता
वायफाय बंद केलं, ताईच्या फोनवरून जीमेलचं काम चालू आहे. फॉरमॅटआधी फोटो पेनड्राइव्हवर घेतले तर चालतील ना?

रात्रपाळी
फोटो, पीडीएफ घ्या. डाउनलोड्स फोल्डर आणि कुठलीही इएक्सई (प्रोग्रॅमची फाइल) नको. आणि ब्राउझरमधले पासवर्ड एक्स्पोर्ट करून नवीन विंडोजमध्ये आणायच्या भानगडीत पडू नका, ते सगळेच बदलायचेत.