सासूबाईंना नागलीचं उभं वावर बघायचंय, मुलांना स्ट्रॉबेरी. बडोद्याहून सापुतारा-डांगला नक्की कधी जावं?

दांडियाबाजारची सून

मंडळी, जरा पाल्हाळ आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्ही सल्ला तरी काय देणार.

आम्ही पाच जण. मी, नवरा, मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी नऊची (घाट लागला की हिचं पोट ढवळतं) आणि सासूबाई, वय ७४, दोन्ही गुडघे बोलके. गाडी सीएनजीची. म्हणजे डिकीत सिलिंडर आणि उरलेल्या फटीत पाच जणांचा संसार. त्यात सासूबाईंची कमोड खुर्ची, जी 'घडी होते' असं विकताना सांगितलं होतं. होते, पण दोघांनी धरली तर. गाडी मी चालवते, कारण नवऱ्याला करजणचा टोलनाका आला की झोप येते.

आता मुद्दा. सासूबाईंचं माहेर कळवण तालुक्यातलं. १९७१ मध्ये लग्न होऊन बडोद्यात आल्या त्या आल्याच. माहेरची वाटणी झाली, घर गेलं, जाणं तुटलं. परवा मॉलमध्ये नागलीच्या (म्हणजे नाचणीच्या) बिस्किटांचा पुडा दिसला तेव्हा त्यांनी किंमत तीनदा मोठ्याने वाचली. म्हणाल्या, "पाहुणा आला की आम्ही नागलीची भाकर झाकून ठेवायचो आणि पोळी पुढे करायचो. आणि आता ही काचेच्या कपाटात?" घरी येईपर्यंत गप्प. रात्री जेवताना एकदम म्हणाल्या, मला एकदा नागलीचं उभं वावर बघायचंय. कणसं मूठ मिटल्यासारखी असतात, मुलांना दाखवते.

सोळा वर्षांत या बाईने माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. हो, एकदा कुकरची शिटी.

मुलांना मात्र स्ट्रॉबेरी तोडायची आहे. नवरा म्हणाला महाबळेश्वर. मी म्हटलं, नकाशा बघ आणि आईचे गुडघे बघ. मग सापुतारा ठरलं. दोन रात्री मिळतात. नागली आणि स्ट्रॉबेरी एकाच फेरीत दिसेल असा महिना कोणता? रस्ता कुठला घेऊ? आणि रोपवे, बोटिंग, घोडा सोडून खरं शेत बघायला मिळतं का?

डबल सेवउसळ

ताई, दरवर्षी श्रावणात बाइकवर जातो, तेव्हा रस्त्याचं माझ्याकडून घ्या. भरूच, कामरेज, पलसाणा करत चिखलीपर्यंत हायवे. तिथून आत वळायचं, वांसदा, वघई, मग सापुतारा. तीनशेच्या आसपास किलोमीटर आहे. सकाळी साडेपाचला निघालात तर जेवायला वघईत. सुरतेच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली की सगळं गणित कोलमडतं, म्हणून साडेपाच म्हणजे साडेपाच, 'चहा घेऊन निघू' नाही.

सीएनजी चिखलीच्या आधी भरून घ्या आणि पेट्रोलची टाकीही अर्धी तरी ठेवा. घाटात गाडी पेट्रोलवरच टाका, सीएनजीवर चढताना दम लागतो. वघईच्या पुढे जंगल सुरू होतं, दोन्ही बाजूंना साग आणि बांबू. खरा घाट शामगहानच्या पुढे. मुलीला त्याच्या आधी काही खाऊ घालू नका.

वघईजवळ अंबिका नदीवर गिरा धबधबा आहे, रस्त्यापासून फार आत नाही. दिवाळीनंतर धार बारीक होत जाते, उन्हाळ्यात नुसते काळे खडक.

गायकवाडी इतिहासप्रेमी

चिखलीचा रस्ता कशाला? बारडोली, व्यारा, सोनगड, आहवा असं जा. सोनगड म्हणजे पिलाजीराव गायकवाडांचं ठाणं. बडोदा नंतरचं, सोनगड आधीचं. बडोद्याच्या माणसाने सापुताऱ्याला जावं आणि सोनगडचा किल्ला बघू नये?

आणि चिखलीवरूनच जाणार असाल तर निदान वघई स्टेशनात डोकवा. बिलिमोरा ते वघई ही ६३ किलोमीटरची नॅरोगेज गायकवाड सरकारनेच टाकली, डांगचा साग खाली आणायला.

डबल सेवउसळ

काका, ७४ वर्षांच्या बाईंना किल्ला चढवताय?

गायकवाडी इतिहासप्रेमी

खालून नमस्कार केला तरी चालतो.

वघईत बारा वर्षं

सूनबाई, माझी नोकरी शेती खात्यातली, त्यातली बारा वर्षं वघईला काढली. वघईत नवसारी कृषी विद्यापीठाचं डोंगरी भरडधान्यांचं संशोधन केंद्र आहे, तिथे येणंजाणं असायचं. तेव्हा नागलीचं तुम्हाला सरळ सांगतो: तुमच्या दोन्ही इच्छा एका फेरीत बसत नाहीत.

डांगात नागली पावसावर होते. उन्हाळ्यात राब भाजतात (रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळतात), पाऊस पडला की त्यात रोप टाकतात आणि जुलैत उतारावर लावणी. हळव्या जाती ऑक्टोबरात कापायला येतात, गरव्या नोव्हेंबरात. म्हणजे उभं वावर बघायचं तर दिवाळीच्या आगेमागे. स्ट्रॉबेरीचं उलट. तिची रोपं पावसाळा सरल्यावर लागतात आणि फळ डिसेंबरपासून मार्चपर्यंत. तुम्ही नागली बघायला जाल तेव्हा स्ट्रॉबेरी वीतभर असेल, आणि स्ट्रॉबेरी तोडायला जाल तेव्हा नागली कणगीत असेल. मधला कुठलाही आठवडा शोधलात तर दोन्ही अर्धवट.

माझं मत विचारलंत तर सासूबाईंच्या बाजूने जा. मुलांना स्ट्रॉबेरी पुढची पन्नास वर्षं आहे.

लाभपाचमेपर्यंत (दिवाळीनंतरच्या पंचमीपर्यंत) सापुताऱ्यात पाय ठेवू नका, सगळं सुरत तिथे असतं. त्यानंतर मधल्या वारी जा. मुलांची दिवाळीची सुट्टी २१ दिवसांची असते, तेव्हा जमेल. शेत सापुताऱ्याच्या तळ्याकाठी सापडणार नाही. शामगहानकडून आहव्याच्या रस्त्याला लागा, काचा खाली करा आणि हळू चला. उतारावर तपकिरी दिसली की नागली. एखादा पिवळा पट्टा उरला असेल तर ती खुरासणी (कारळं), तुमच्या सासूबाई ओळखतील. शेतात माणूस दिसलं तरच थांबा आणि विचारून आत जा. २०२१ मध्ये डांग हा नैसर्गिक शेतीचा जिल्हा म्हणून जाहीर झाला तेव्हापासून बघायला येणाऱ्यांची त्यांना सवय आहे, पण पीक तुडवून फोटो काढणाऱ्यांचीही झाली आहे.

जेवायला बचत गटाच्या बायका चालवतात त्या 'नाहरी' नावाच्या खानावळी शोधा. नाहरी म्हणजे आपली न्याहारी. नागलीची भाकर, सालीसकट उडदाची डाळ, बांबूचं लोणचं. जाताना तूप घरचं घेऊन जा.

फक्त वाचतो

सापुतारा म्हणजे मॅगी, कणीस आणि ट्रॅफिक जाम. दहा वर्षांपूर्वी छान होतं.

डबल सेवउसळ

हे दहा वर्षांपूर्वीही कोणीतरी म्हणत होतं.

कारेलीबाग ते कळवण

ताई, माझं आजोळ अभोण्याचं, म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या गावाकडचंच. सापुताऱ्यापर्यंत जाताच आहात तर दुसऱ्या दिवशी वणीचा गड करा. दीड-दोन तासांचा रस्ता आहे. सप्तशृंगीला पूर्वी पाचेकशे पायऱ्या होत्या म्हणून म्हातारी माणसं खालूनच हात जोडायची. २०१८ पासून रुळांवरची ट्रॉली झाली आहे, गुडघ्यांना तोशीस नाही. कळवणच्या माहेरवाशिणीला सापुताऱ्यापर्यंत नेऊन देवीला न नेणं, हे पुढे तुम्हालाच ऐकावं लागेल.

घाट उतरतानाचं एक. नाशिककडून कांदा-टोमॅटोचे भरलेले ट्रक याच घाटाने गुजरातेत उतरतात. त्यांच्या मागे अंतर ठेवा आणि ओव्हरटेकची घाई करू नका. उतारावर दुसऱ्या गिअरला राहा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका.

दांडियाबाजारची सून

सगळ्यांचे आभार. मतदान झालं, नागली जिंकली. मुलगा म्हणतो ही लोकशाही नाही. वघईवाले काका, तूप कढवायला घेतलं आहे. आल्यावर लिहिते.

दांडियाबाजारची सून

आलो. लाभपाचमेनंतरच्या मंगळवारी निघालो, साडेपाचला नाही, सहा वाजून दहा मिनिटांनी. खुर्ची बसत नव्हती. शेवटी ती मुलांच्या पायांखाली आडवी गेली आणि दोघं मांडी घालून सापुताऱ्यापर्यंत आले.

वाईट आधी सांगून टाकते. हॉटेलला फोनवर दोनदा सांगितलं होतं, खोली तळमजल्यावरची हवी. गेल्यावर चावी हातात पडली पहिल्या मजल्याची, 'व्ह्यू छान आहे मॅडम'. व्ह्यू सासूबाईंनी जिन्यावर चार वेळा बसून बघितला. मी आवाज चढवला तेव्हा दुसऱ्या दिवशी खाली खोली 'निघाली'. आणि मुलीला शामगहानच्या अलीकडे उलटी झालीच, कारण आज्जीने गुपचूप शंकरपाळे दिले होते. घाट उतरताना ब्रेकचा वास आला, कारण मी ब्रेकवर पाय ठेवून बसले होते. थांबून अर्धा तास गाडी गार केली. कारेलीबागवाले दादा, लिहून दिलेलं असूनही.

आता वावर.

पहिली तीन शेतं कापलेली निघाली. नुसती धसकटं. सासूबाई काही बोलेनात आणि मला पोटात गोळा. मग आहव्याच्या रस्त्यावर एका वळणाला, उतारावर, उरलेला एक तुकडा दिसला. आमच्या हॉलएवढा असेल. दोघी बायका विळ्याने फक्त कणसं कापत होत्या, ताटं तशीच उभी. नवऱ्याने विचारायला तोंड उघडलं, गुजरातीत. त्याच्या आधी सासूबाई गाडीतून उतरून बोलायला लागल्या होत्या.

सोळा वर्षं मी या बाईबरोबर राहते. ती भाषा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. आपल्या घरचं 'अहो-जाहो' मराठी नाही, शेवट उडवून टाकणारं काहीतरी भरभर. समोरची डांगीत बोलत होती, या कळवणच्या बोलीत, आणि दोघींचं अडत नव्हतं. निम्मं मला कळलं. 'तुमच्याकडे पण राब भाजता?' एवढं कळलं, आणि कुणाच्या तरी सासूबद्दल काहीतरी, जे मी विचारलं नाही.

त्यांनी एक कणीस तोडून तळहातावर घेतलं. खरंच मूठ मिटल्यासारखं असतं, पाच-सहा बोटं आत वळलेली. दुसऱ्या तळव्याने दोनदा चोळलं, फुंकर मारली, भुसा मुलीच्या केसांत गेला आणि हातावर मोहरीपेक्षा बारीक, विटकरी दाणे राहिले. मुलगा म्हणाला, "एवढुसे? याची भाकर?" त्या म्हणाल्या, दळायला बस मग कळेल. दाणे तोंडात टाकले आणि चावत उभ्या राहिल्या. गुडघ्यांचं नाव नाही. वीस मिनिटं उतारावर उभ्या होत्या, मी घड्याळ बघितलं.

दुपारी नाहरीत भाकर खाल्ली. करणारी बाई पाण्याचा हात लावून दोन तळव्यांत थापत होती, पोळपाट नाहीच. कडा फाटली की बोटाने सांधायची आणि तव्यावर. सासूबाईंनी पहिल्यांदा भाकरीला नावं ठेवली (जरा जाड आहे), मग दोन खाल्ल्या. नवरा म्हणाला, नागलीत कॅल्शियम चांगलं असतं, १०० ग्रॅममध्ये ३४० मिलिग्रॅमच्या आसपास. त्या म्हणाल्या, मग पन्नास वर्षं मला गव्हाच्या पोळ्या का खायला घातल्या?

वणीलाही जाऊन आलो. ट्रॉलीत बसताना एवढंच म्हणाल्या, की पायऱ्या चढल्या नाहीत तर देवीला कळतं.

स्ट्रॉबेरीही बघितली, सापुताऱ्याच्या पुढे महाराष्ट्राच्या हद्दीत एका शेतात. काळ्या प्लास्टिकच्या वाफ्यांवर भोकं, भोकाभोकात वीतभर रोप. मुलीने पांढरी फुलं मोजली, एकोणीस. शेतकरी म्हणाला, महिन्याभराने या. मुलाने हे वचन समजून लिहून घेतलं आहे.

तर आता पुढचा प्रश्न. जानेवारीत एका रात्रीसाठी जायचं म्हणतोय, उत्तरायण (पतंगांची संक्रांत) सोडून, कारण तेव्हा पोरं गच्चीवरून हलणार नाहीत. स्वतः तोडू देतात अशी शेतं सापुताऱ्याच्या अलीकडे बघावी की पलीकडे, बोरगावकडे? आणि सीएनजीच्या डिकीत स्ट्रॉबेरीचे खोके बडोद्यापर्यंत न चेंगरता आणायचे कसे? खुर्ची येणारच आहे.

डबल सेवउसळ

खोके खुर्चीवर ठेवा. खुर्ची उघडून, मागच्या सीटवर. आज्जींना पुढे बसवा, नवऱ्याला बसने पाठवा.