जांभा आणि काळा दगड, नातं आहे का काही?

राजापूरकर_पुण्यात:
आमच्याकडे राजापुरात घरं, गडगे, विहिरी सगळं जांभ्याचं, म्हणजे त्या लाल दगडाचं, आणि घाट चढून वर आलं की जिथं बघावं तिथं काळा दगड. परवा एकजण म्हणाला जांभा हा काळ्या दगडापासूनच झालाय. पटत नाही राव, रंग वेगळा, जांभ्याला भोकं भोकं, काहीच साम्य नाही. कुणी नीट सांगेल का? आणि चिरा, म्हणजे बांधकामासाठी कापलेला जांभ्याचा ठोकळा, खाणीत मऊ असतो तो नंतर कडक कसा काय होतो?

कातळवेडा:
बरोबर सांगितलंय त्यांनी. काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा आला आणि थरावर थर बसत गेले, सह्याद्रीच्या कड्यांवर आडव्या पट्ट्या दिसतात ना, त्याच त्या. पुढं लाखो वर्षं ऊन आणि धो धो पाऊस, त्यात दगडातली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्याबरोबर निघून गेलं आणि सहजी न विरघळणारं लोखंड न् ॲल्युमिनियम मागं राहिलं, लोखंड गंजलं म्हणून लाल. गावात कुणी विहीर खणत असेल तर जाऊन बघाच, वर जांभा, खाली पांढरट पिवळी चिकण माती, मग हातानं फुटणारा कुजका दगड आणि तळाला सुरुंगाशिवाय न हलणारा काळा. पाणी पण जांभ्यातून झिरपून त्या मातीवर अडतं, म्हणून सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या सपाट माळाच्या, कडेला झरे.
चिरा खाणीत ओला असतो, उघड्यावर सुकला की त्यातलं लोखंड घट्ट धरतं.

सड्यावरचो:
थोडी भर घालतो. सगळोच जांभो काळ्या दगडाचो नाय हां. आमच्या वेंगुर्ल्याकडे आणि गोव्यात बऱ्याच ठिकाणी खाली बेसॉल्ट नाहीच, 200 कोटी वर्षांहून जुने खडक आहेत, रेडीला तर लोहखनिज. पण पाऊस तोच ना, म्हणून वर जांभाच.

राजापूरकर_पुण्यात:
अच्छा! मग पाचगणीच्या टेबललँडवर पण जांभाच आहे तो?

कातळवेडा:
हो, कासचं पठार पण. वरचं कवच टणक म्हणून माथा सपाट राहिलाय, कडेनं मात्र तुकडे ढासळत असतात.

राजापूरकर_पुण्यात:
भारी. गावी घराचं काम काढायचंय, चिरे आणले की लगेच लावले तर चालतील?

सड्यावरचो:
घाई नको, काही महिने उघड्यावर रचून ठेवा. आणि मातकट, पिवळट चिरा दिसला तर गाडी परत पाठवा.