पाचवी ते दहावीसाठी शिस्तीचे नियम नव्याने लिहायचेत, मसुदा कसा असावा?

मुख्याध्यापक, बीड जिल्हा

आमची शाळा खासगी अनुदानित, पाचवी ते दहावी, पट ४२०. जवळपास निम्मी मुलं वाड्या-तांड्यांवरून एसटीने येतात. नियमांचं जुनं पान आहे. त्यात सतरा नियम आणि शेवटी 'उल्लंघन केल्यास कडक कारवाई करण्यात येईल' एवढंच. कोणती कारवाई, कोण करणार, किती दिवसांत, काहीच नाही. त्यामुळे एकाच चुकीला एक सर समज देतात, दुसरे वर्गाबाहेर काढतात, तिसरे थेट पालकांना बोलावतात. पालकसभेत नेमकी हीच तक्रार येते.

शाळा सुरू होण्याआधी नवा मसुदा व्यवस्थापन समितीपुढे ठेवायचा आहे. मुख्य अडचणी: उशीर, मोबाइल, मधल्या सुट्टीतली भांडणं, मावा-गुटखा. दंड घेता येतो का? वारंवार त्रास देणाऱ्याच्या हातात दाखला देता येतो का?

निवृत्त पर्यवेक्षक, लातूर

सर, आधी सतराचे पाच करा. लेकरांना पाचच तोंडपाठ राहतात, आणि शिक्षकांनाही. नियम असा लिहा की पाळला की मोडला हे डोळ्यांना दिसावं. 'वर्गात शिस्त पाळावी' याचा अर्थ प्रत्येक सर आपापला लावतो. 'दुसरी घंटा होईपर्यंत जागेवर बसावं, विषयाची वही आणि पेन बाकावर काढून ठेवावा' याचा अर्थ एकच निघतो. 'मारामारी करू नये' एवढ्यावर थांबू नका. पुढे लिहा: 'कुणी अंगावर आलं तर हात न उचलता ड्युटीवरच्या शिक्षकांकडे यावं.' काय करायचं नाही हे पोरांना ठाऊक असतं. त्या क्षणी काय करायचं, हे कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरं, जागा बघा. भांडणं वर्गात क्वचित होतात. ती होतात पाण्याच्या टाकीपाशी, खिचडीच्या रांगेत, स्वच्छतागृहामागे आणि गाडीत चढताना. सव्वाचारशे मुलांना चार-सहा नळ आणि सगळ्यांची सुट्टी एकदम, तर ढकलाढकली होणारच. तिथे दोष गर्दीचा आहे, पोरांचा नाही. पाचवी ते सातवीची सुट्टी पंधरा मिनिटं आधी सोडा. टाकीपाशी एक आणि स्वच्छतागृहाच्या वाटेवर एक, असे दोन शिक्षक वारानुसार नेमा आणि तो तक्ता स्टाफरूममध्ये लावा. हे केल्याशिवाय शिक्षेचा विचारच करू नका.

मग कारवाईच्या तीन पायऱ्या. पहिली विषयशिक्षकाची: बडबड, गृहपाठ नाही, वही विसरली. हे वर्गातच मिटवायचं. जागा बदलणं, तास संपल्यावर दोन मिनिटं एकट्याशी बोलणं. यासाठी मुलाला ऑफिसात पाठवू नये. ऊठसूट ऑफिसात पाठवणाऱ्या शिक्षकाचं वर्गातलं वजन आपोआप कमी होतं. दुसरी पायरी वर्गशिक्षकाची: तोच प्रकार दोन आठवड्यांत तिसऱ्यांदा, तास बुडवणं, जातीवरून किंवा शरीरावरून चिडवणं, मोडतोड. इथे तीन दिवसांच्या आत पालकांशी बोलणं झालंच पाहिजे. तिसरी मुख्याध्यापकांची, त्याच दिवशी: जखम होईल अशी मारहाण, हत्यार, गटाने एकाला छळणं, नशेची वस्तू वाटणं किंवा विकणं. प्रत्येक पायरीसमोर 'कोण' आणि 'किती दिवसांत' हे दोन रकाने ठेवा. ते रिकामे राहिले की जुनं पान परत आलं म्हणून समजा.

सगळ्यात जास्त चुका नोंदवहीत होतात. 'उद्धट वागला', 'नेहमीचा त्रास' हा शेरा झाला, त्याला नोंद म्हणत नाहीत. नोंद अशी हवी: 'चौथी तासिका. पुस्तक काढ असं तीनदा सांगितलं, काढलं नाही. बाक ढकलला, शेजारच्याच्या पायाला लागला. त्याआधी मागच्या बाकावरून त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारली गेली होती.' तारीख, जागा, आधी काय घडलं, कुणी पाहिलं, काय केलं आणि मुलाचं म्हणणं, एवढं सहा-सात ओळींत बसतं. 'आधी काय घडलं' हा रकाना मात्र वगळू नका. महिनाभराच्या नोंदी एकत्र वाचल्या की खोड कुणाची आणि कुठल्या तासाला, ते तिथेच सापडतं.

वकील, धाराशिव

कायद्याच्या बाजूने मसुद्यात काय नको, ते सांगतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी. छडी तर नाहीच, पण कोंबडा, उठाबशा, अंगठे धरायला लावणं, उन्हात उभं करणं हेही नाही. परिपाठात सगळ्यांसमोर नाव घेऊन अपमान करणं मानसिक छळात येतं. उल्लंघन करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. 'आमची तक्रार नाही, हाणा पण शिकवा' असं पालकांनी लिहून दिलं तरी ते संरक्षण ठरत नाही.

कलम १६: प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी-आठवीत अनुत्तीर्ण ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, पण काढून टाकण्यावरची बंदी तशीच आहे. पालकांना गळ घालून दाखल्याचा अर्ज लिहून घेणं हीसुद्धा मागच्या दाराने केलेली हकालपट्टीच. नववी-दहावीला कलम १६ आणि १७ थेट लागत नसले तरी मारहाण गुन्हा राहतेच, आणि बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७५ अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. त्यामुळे दोन वर्गांसाठी वेगळी छडी ठेवू नका.

दंड घेऊ नका. काच फुटली तर पालकांशी बोलून भरपाई ठरवता येते, ती पावतीवर. उशिराचे दहा रुपये, मोबाइलचे शंभर रुपये हे नको.

लैंगिक छळाची तक्रार या तीन पायऱ्यांमध्ये घालूच नका. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आधी शाळेत चौकशी, दोन्ही घरं समोरासमोर, मग तडजोड, असं करायला शाळेला अधिकार नाही. हाताखालच्या कर्मचाऱ्याबद्दलची माहिती संस्थाप्रमुखाने दडवली तर कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाचं नाव व्हॉट्सअ‍ॅप गटावर, फलकावर कुठेही जाता कामा नये. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक मसुद्याच्या शेवटी आणि दर्शनी भिंतीवर लिहा.

मावा-गुटख्याचं: शिक्षण संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. मुलाच्या खिशात पुडी सापडली तर ती कुठून आली हा पहिला प्रश्न. अल्पवयीन मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. टपरीची तक्रार लेखी द्या, पोच घ्या.

वर्गशिक्षिका, परभणी

सरांच्या मसुद्यात एक भर. दुसऱ्या पायरीवर पालकांना बोलावण्याआधी वर्गशिक्षकाने तीन गोष्टी तपासाव्यात: फळा दिसतो का, ऐकू येतं का, सकाळी काही खाऊन येतो का. सारखं शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारं लेकरू कित्येकदा नंबरच्या चष्म्यावाचून बसलेलं असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं तेव्हा अशा मुलांची यादी हातात तयार ठेवावी, नाहीतर त्या गर्दीत तीच मुलं राहून जातात.

उशिराची नोंद दोन रकान्यांत करा, 'गाडी' आणि 'इतर'. गाडी उशिरा आली त्यात मुलाचा काय दोष? एखाद्या मार्गाची गाडी सातत्याने परिपाठानंतर पोचत असेल तर महिन्याच्या नोंदीची प्रत आणि समितीचा ठराव जोडून आगार व्यवस्थापकांना अर्ज द्या; नुसत्या तोंडी विनंतीला वजन नसतं. उशिरा आलेल्याला फाटकाबाहेर ठेवू नका. विशेषतः मुलींना. त्या मधल्या वेळेत रस्त्यावर काही घडलं तर? वर्गात घ्या, नोंद करा, बुडालेलं काम सुट्टीनंतर करून घ्या. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली की उशिराची वेळही बदलते, ते मसुद्यात आधीच लिहा.

मोबाइल: सकाळी बंद करून वर्गशिक्षकांकडे, नावाची चिठ्ठी लावून, कुलपाच्या पेटीत. सुटताना सही घेऊन परत. तासाला वापरताना सापडला तर त्या दिवसापुरता ऑफिसात, आणि संध्याकाळी पालकांच्या हाती. आठवडाभर ठेवून घेऊ नका. हरवला, काच तडकली तर जबाबदारी तुमची, आणि बऱ्याच घरांत तो एकच फोन असतो. मुलाचा फोन उघडून फोटो-मेसेज बघणं अजिबात नको.

आणि हे कळकळीने सांगते: खिचडी, पाणी, लघवीची सुट्टी, खेळाचा तास, यांतलं काहीही शिक्षा म्हणून काढून घेऊ नका. स्वच्छतागृह किंवा वर्ग झाडायला लावणंही शिक्षेत नको. झाडू कुठल्या लेकरांच्या हातात जातो हे गावात सगळ्यांना दिसतं. बाकावर कोरलं असेल तर त्याच बाकाला पॉलिशपेपर मारून घ्यावा, शिक्षक सोबत उभे राहून. चूक आणि दुरुस्ती यांचा संबंध मुलाला कळला पाहिजे.

मुख्याध्यापक, बीड जिल्हा

सगळ्यांचे आभार. दंडाचं कलम आणि दाखल्याची धमकी दोन्ही काढतो. दोन गोष्टी राहिल्या. दिवाळीनंतर सत्तरेक मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. दुसऱ्या पायरीवर 'पालकांशी तीन दिवसांत' हे कसं जमणार? आणि सलग गैरहजर मुलाचं काय?

केंद्रप्रमुख, बीड

सर, गैरहजेरी शिस्तीच्या मसुद्यात ठेवूच नका, वेगळं पान करा. कारखान्याला गेलेलं लेकरू बेशिस्त नसतं. टोळ्या निघण्याआधी, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत, वर्गशिक्षकांनी यादी करावी: कोण जाणार, कोण मागे राहणार, मागे राहणारं कुणाकडे. आजी-आजोबा, चुलता किंवा हंगामी वसतिगृह, जे असेल त्याचं नाव, नातं आणि फोन. पालकांची लेखी संमती घ्या की हंगाम संपेपर्यंत शाळेच्या बाबतीत हे पालक. मग 'तीन दिवसांत' म्हणजे या व्यक्तीशी. आईवडिलांना फोन करायचाच असेल तर कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीवर, परतल्यावर, संध्याकाळी. दिवसा फडात किंवा गाडी भरताना फोन उचलला जात नाही. बरोबर जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येईल. पटावरून नाव कमी करू नका.

जानेवारी-फेब्रुवारीत मागे राहिलेली मुलं जास्त भांडतात, तासाला झोपतात, हे दरवर्षी नोंदींत दिसतं. आजी आजारी असली की स्वयंपाक त्याच लेकराकडे येतो. अशा मुलाची पहिली नोंद झाली की वर्गशिक्षकाने घरी जाऊन यावं, दुसऱ्या-तिसऱ्या नोंदीची वाट बघू नये.

निवृत्त पर्यवेक्षक, लातूर

ताईंची आणि केंद्रप्रमुखांची भर योग्य आहे, मसुद्यात घ्या. मंजुरीचं तेवढं सांगतो. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, तेव्हा मसुदा बैठकीच्या आठ दिवस आधी त्यांच्या हातात द्या आणि बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. ठराव क्रमांक पानावर छापा. पान एकच, पाठपोट, मोठ्या अक्षरात. मागच्या बाजूला शिक्षकांनी काय करायचं नाही ते. शाळा उघडल्यावर पहिले दहा दिवस रोज परिपाठानंतर दहा मिनिटं एकेक नियम प्रत्यक्ष करून घ्या. रांग, टाकी, गाडी, सगळं जागेवर नेऊन. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा तीन दिवस. पालकांची सही जूनमध्येच घ्या, नोव्हेंबरात ती मिळणार नाही.